पहिला आठवडा रिकामा फिरवा

हे लिहितोय तो ऑक्टोबर २०२१ आहे. करोनामुळे बंद असलेले महाराष्ट्रातले अम्युझमेंट पार्क येत्या २२ तारखेपासून उघडणार ही बातमी आमच्या घरात सगळ्यात आधी माझ्या भाचीला कळली. कशी कळली ते विचारू नका, तिसरीतली पोर आहे पण ऑनलाइन शाळेचा मोबाईल दिवसभर तिच्याच हातात असतो आणि शाळा सोडून बाकी सगळं त्यावर बघून होतं. लगेच फोन. "मामा, खोपोलीचं उघडतंय, दिवाळीत न्यायचंस." आता गंमत अशी की तिची स्वतःची शाळा अजून बंदच आहे. ४ ऑक्टोबरला शहरात आठवी ते बारावी सुरू झाली, खेड्यात पाचवीपासून, तिसरीचं कुणी नावही घेत नाहीये. म्हणजे पोरगी वर्गातल्या बाकावर बसू शकत नाही पण उंची भरली तर पाळण्यात बसू शकते. दारूची दुकानं मे २०२० मध्ये उघडली, देवळं एकदा त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्याला आणि परत आत्ता घटस्थापनेला, आणि पहिली-दुसरीची पोरं सगळ्यात शेवटी, हा क्रम कुठल्या हिशोबाने लागला ते एकदा कुणीतरी समजावून सांगा राव. पण आज तो विषय नाही.

आधीच सांगून टाकतो, मी पार्क उघडायच्या बाजूचा आहे. "लोकांना खायला नाही आणि यांना झोपाळे सुचतायत" असं म्हणणारे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहेत, त्यांच्याशी माझं कधीच जमलं नाही. दीड वर्ष पोरं वन बीएचकेमध्ये कोंडलेली आहेत, त्यांना वारा लागू दे की जरा. शिवाय पार्क म्हणजे शेकडो माणसांची नोकरी, गेटवरचा सिक्युरिटी, वडापावच्या काउंटरवरची मुलगी, गणवेश धुणारा धोबी, आसपासच्या गावांतून येणारे हाउसकीपिंगवाले, रस्त्यावरचे हॉटेलवाले. एप्रिल-मे हा या धंद्याचा खरा सीझन आणि तो लागोपाठ दोन वर्षं बुडाला. मालकांना दिवाळीची सुट्टी गाठायची घाई असणारच, माझा धंदा असता तर मलाही असती.

पण सध्या चर्चा काय चाललीये बघा. कोरड्या राइड चालू, पाण्याच्या राइड बंद. मास्क, सॅनिटायझर, अंतर, किती लोक आत सोडायचे. सगळं व्हायरसचं. ठीक आहे, ते हवंच. (पाण्याचं मला कळलं नाही हे सांगून ठेवतो, नीट क्लोरिन मारलेल्या पाण्यापेक्षा कपडे बदलायच्या खोलीतली आणि लॉकरच्या रांगेतली गर्दी जास्त घातक, पण असो.) माझा प्रश्न असा की पाण्याला बंदी झाली, मास्कचं झालं, आणि नटबोल्टबद्दल अवाक्षर नाही. जी मशिनं माणसाला उलटं टांगतात, पन्नास-शंभर फुटांवरून खाली सोडतात, ती दीड वर्षाच्या वर उभी होती, मधलं थोडंफार उघडणं-मिटणं धरलं तरी. ती परत कशी सुरू करायची, कुणी करायची, कुणी बघून सही करायची, यावर दोन ओळी कुणी लिहिल्यात का?

मला हे खटकतं कारण माझं पोटच त्यावर आहे. बावीस वर्षं एमआयडीसीत मेंटेनन्स करतोय. कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी आहे अजून. पंप, कन्व्हेयर, गिअरबॉक्स, पॅनल हे आमचं घरदार. आणि चालू मशीनला कुणी मेंटेनन्सवाला घाबरत नाही, चालू मशीन बोलतं, आवाज बदलतो, गरम होतं, वास येतो, तुम्हाला आधी कळतं. भीती वाटते ती बंद ठेवलेल्याची.

२०२० च्या जूनमध्ये आमचा प्लांट परत सुरू केला तेव्हाची गोष्ट सांगतो. फक्त अडीच महिने बंद होता, दीड वर्ष नव्हे. कन्व्हेयर सुरू केला की दोन मिनिटांत ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. परत सुरू, परत ट्रिप. पॅनलवर लाल दिवा, सेन्सर म्हणतोय की पट्टा जागेवर नाही, आणि पट्टा तर डोळ्यांसमोर जागेवर आहे. अर्धा दिवस गेला. शेवटी एक पोरगा शिडी लावून वर चढला आणि बघतो तर सेन्सरच्या तोंडावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, छान चार कप्प्यांचं, आत अळ्या. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं, दिवा हिरवा. सगळे हसलो. चहा झाला.

हसण्यासारखी नव्हती ती पुढची गोष्ट. संध्याकाळी दुसऱ्या लाइनचा लिमिट स्विच असाच खोटा फॉल्ट द्यायला लागला, आणि आता सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं की सेन्सर उगाच बोंबलतायत, वरून प्रॉडक्शनवाल्यांचे फोन, जुना ऑपरेटर गावी युपीला अडकलेला, त्याच्या जागी आलेल्या नवीन पोराने काय केलं तर वायरचा एक तुकडा घेतला आणि स्विच बायपास केला. जंपर मारला, आमच्या भाषेत. लाइन सुरू. वीस मिनिटांनी गार्ड, म्हणजे रोलरवरचं झाकण, उघडं असतानाच रोलर फिरला आणि हेल्परचा हातमोजा आत गेला. हातमोजाच गेला, हात नाही, नशीब त्याचं आणि आमचं. तो स्विच खोटं बोलत नव्हता. गार्ड खरंच नीट बसलेलं नव्हतं.

हे इतकं सविस्तर सांगितलं कारण माझं सगळं म्हणणं यातच आहे. खूप दिवस बंद असलेलं मशीन सुरू करताना पहिले काही दिवस खोट्या अलार्मचा पाऊस पडतो. ओल शिरलेली असते, कनेक्टर गंजलेले, उंदरांनी वायर कुरतडलेल्या, माशांची घरं. दहातले नऊ अलार्म खोटे निघतात आणि माणसाला सवय लागते ते उडवून लावायची, वर गर्दी उभी असेल, साहेबाचा फोन असेल तर जास्तच. आणि दहावा खरा असतो.

आता हे पार्कात नेऊन ठेवा. रोलरकोस्टर लांबून नुसती गाडी आणि रूळ दिसते पण तिची सगळी सेफ्टी सेन्सरच्या जोरावर उभी आहे. रुळाचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, रेल्वेच्या सिग्नलसारखंच. एका ब्लॉकात एकच गाडी. पुढची गाडी ब्लॉकातून बाहेर पडल्याचं सेन्सरने सांगितल्याशिवाय मागची सोडायची नाही, कॉम्प्युटर सोडतच नाही. मग कधी सुटते? जेव्हा माणूस कॉम्प्युटरला म्हणतो, तू गप, मला दिसतंय.

इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्स नावाचं मोठं पार्क आहे, तिथे २ जून २०१५ ला नेमकं हेच झालं. स्मायलर नावाची राइड. रिकामी सोडलेली गाडी वाऱ्यामुळे वर जाऊ शकली नाही आणि रुळावरच अडकून राहिली. कॉम्प्युटरने बरोबर ओळखलं, मागची गाडी रोखून धरली. खालच्या इंजिनीअरांना वाटलं खोटा फॉल्ट आहे, त्यांनी ब्लॉक हाताने ओव्हरराइड केला, आणि सोळा माणसं बसलेली गाडी सुटून त्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींचे पाय कापावे लागले. पुढच्या वर्षी कोर्टाने कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला, आणि तिथल्या तपास यंत्रणेने सांगितलं काय तर बटण दाबणाऱ्या माणसांपेक्षा दोष व्यवस्थापनाचा, कारण असं झालं तर काय करायचं याची नीट पद्धतच घालून दिलेली नव्हती. लक्षात घ्या, ती राइड दीड वर्ष बंद नव्हती. रोज चालणारी होती, माणसं सवयीची होती, देश इंग्लंड होता. तरी हे झालं.

आपल्याकडे हवामान बघा अजून. खोपोली काय, गोराई काय, कोकणपट्टीतला पाऊस आणि खारं वारं म्हणजे लोखंडाचा दुश्मन. दोन अख्खे पावसाळे गेले, त्यात ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडावरूनच गेलं, यंदा मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, खोपोलीचं इमॅजिका २०१३ चं. मी इमॅजिकाला एकदा गेलोय, कंपनीची पिकनिक होती, बाकीचे नायट्रो नावाच्या रोलरकोस्टरवर बसून किंचाळत होते आणि मी खाली उभा राहून चाकं बघत होतो, सवय वाईट. चाकं रुळाला तीन बाजूंनी धरून असतात, वरून, बाजूने आणि खालून, म्हणून गाडी उलटी झाली तरी पडत नाही. या गाड्यांच्या चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो. गाडी एकाच जागी महिनोन्महिने उभी राहिली तर तो थर वजनाने चेपतो, आणि दमट हवेत हळूहळू खराबही होतो, वरून कळत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस आटतं. हायड्रॉलिकच्या तेलात पाणी धरतं. गाडी वर चढताना जो टकटकटक आवाज येतो ना, पोटात गोळा आणणारा, तो ती मागे घसरू नये म्हणून दात पकडणाऱ्या खिट्ट्यांचा असतो, त्या गंजून जाम झाल्या तर आवाजही येणार नाही आणि पकडही नाही. वेल्डिंगमध्ये केसासारखी चीर असेल तर ती डोळ्यांनी दिसतच नाही, रंग झिरपवून नाहीतर चुंबकाची टेस्ट करून बघावी लागते, एका राइडला कित्येक दिवस जातात. हे सगळं मोठ्या पार्कांना माहीत आहे, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा शहाणे लोक आहेत आणि बंद काळातही ते काहीतरी करत असणारच. माझी तक्रार त्यांच्या हुशारीबद्दल नाहीच. आत काय केलं हे बाहेरच्या माणसाला कळायची सोय काय, एवढंच विचारतोय.

कारण या देशात बंद मशीन घाईने उघडल्यावर काय होतं ते आपण गेल्याच वर्षी बघितलंय. ७ मे २०२०, विशाखापट्टणम, एलजी पॉलिमर्स. लॉकडाउनमध्ये प्लांट बंद, परत सुरू करायची तयारी चाललेली, टाकीतलं स्टायरीन, प्लास्टिक बनवायचं रसायन, आतल्या आत तापत गेलं, पहाटे वायू बाहेर पडला आणि बारा माणसं गेली, झोपेतली, रस्त्यावर पडलेली. त्यानंतर दोनच दिवसांत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कारखान्यांसाठी सूचना काढल्या. त्यातलं एक वाक्य आमच्या मेंटेनन्सच्या खोलीत आजही चिकटवलेलं आहे, अर्थ असा की युनिट परत सुरू करताना पहिला आठवडा ट्रायल समजा आणि जास्त प्रॉडक्शन काढायच्या मागे लागू नका. इतकं सोपं आणि इतकं बरोबर सरकारी वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

मग साबणाच्या कारखान्याला जो नियम लावला तो पोरांना उलटं टांगणाऱ्या मशीनला का नको? पहिला आठवडा ट्रायल. गेट उघडं असू द्या, बागेत फिरा, खा-प्या, फोटो काढा, पण राइड रिकाम्या फिरवा. शुक्रवारी परवानगी आणि रविवारी हाउसफुल्ल, हे काय मला पटत नाही.

रिकाम्या म्हणजे खरंच रिकाम्या, हे पण सांगायला हवं, कारण आपल्याकडे ट्रायल म्हणजे आधी स्टाफला बसवायची पद्धत आहे. चेन्नईजवळच्या एका पार्कात मे २०१६ मध्ये नव्या राइडची अशीच ट्रायल घेतली, कर्मचारीच बसवले, राइड तुटली आणि त्यातला एक जण गेला. वजन पाहिजे तर वाळूची पोती आहेत, पाणी भरलेले पुतळे मिळतात, जगभर तेच वापरतात. नोकरी जाईल या भीतीने जो नाही म्हणू शकत नाही त्याला सीटवर बसवून टेस्ट करणं हे मला तरी अघोरी वाटतं.

आता कुणीतरी म्हणणार, अमेरिकेत उघडलं की, तिथे कुठे काय झालं. चांगलं उदाहरण आहे, बघूच. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, म्हणजे डिस्नेचं १९५५ पासूनचं सगळ्यात जुनं पार्क, १४ मार्च २०२० ला बंद झालं आणि ३० एप्रिल २०२१ ला उघडलं, ४१२ दिवसांनी. मधल्या काळात कंपनी आणि राज्य सरकार यांच्यात जी काही जुंपली होती! सरकार म्हणे केसेस अगदी कमी झाल्याशिवाय मोठी पार्क उघडायची नाहीत, कंपनी म्हणे फ्लोरिडातलं आमचं पार्क जुलै २०२० पासून चालूच आहे, तिथे जमतं मग इथे का नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेतल्या पार्कांची २८,००० माणसं कमी करायची घोषणा केली. जानेवारीत त्याच डिस्नेलँडच्या पार्किंगमध्ये लसीकरणाचं भलंमोठं केंद्र सुरू झालं, म्हणजे पार्क बंद आणि पार्किंग फुल्ल. शेवटी मार्चमध्ये नियम सैल झाले आणि एप्रिलअखेर पंचवीस टक्के क्षमतेने, फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी उघडलं.

या वर्षभराच्या भांडणात तिथेही मशीनचा विषय फारसा निघाला नाही, बरोबर आहे. पण का नाही निघाला? कारण तो आधीच मिटलेला होता. २४ डिसेंबर १९९८ ला डिस्नेलँडमध्येच एका जहाजाच्या राइडवर लोखंडी खुंटा उपटून पाहुण्यांच्या अंगावर आला, एक माणूस गेला, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की कायमस्वरूपी पार्कांतल्या राइडसुद्धा राज्याचे इन्स्पेक्टर तपासणार, अपघात झाला तर कळवावा लागणार. त्याआधी फिरत्या जत्रांच्या राइड तपासल्या जायच्या आणि मोठी पार्क सुटलेली होती. (फ्लोरिडात आजही हजारांवर कामगार असलेली मोठी पार्क स्वतःच स्वतःची तपासणी करतात, म्हणजे अमेरिका म्हणून एक काही नाही.) तर त्यांना मास्कवर भांडायची चैन परवडली, कारण नटबोल्टचा माणूस ठरलेला होता. आपण त्यांचं मास्कवरचं भांडण तेवढं उचललं.

आपल्याकडे राइडसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही. मानक ब्युरोचं स्टँडर्ड आहे, चांगलं आहे, पण स्टँडर्ड असणं आणि कुणीतरी हातोडी घेऊन बोल्ट वाजवून बघणं यात फरक आहे. परवान्याची फाइल पोलिस, पालिका, बांधकाम खातं अशी फिरते आणि अपघात झाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या शिक्क्याकडे बोट दाखवतो. अहमदाबादच्या कांकरियाला १४ जुलै २०१९ ला लोलकासारखी झुलणारी राइड मधूनच तुटून खाली आली, दोघं गेले, पंचवीसच्या वर जखमी. महापालिकेच्या तलावावरची जागा, चालवणारा खासगी ठेकेदार. रविवार होता. रविवारीच होतं हे, कारण रविवारीच मशीनला श्वास घ्यायला वेळ देत नाहीत.

माणसांचा विषय राहिला. मशीन एक वेळ कागदावर पास होईल, पण ते चालवणारा कुठे आहे? राइड ऑपरेटर ही आपल्याकडे दहा-बारा हजारांची नोकरी समजतात, बटण दाबायचं आणि पट्टा ओढून बघायचा, त्यात काय. त्यात हे असतं की पाच वर्षं एकाच राइडवर उभ्या असलेल्या माणसाला तिचा नेहमीचा आवाज माहीत असतो. लॉकडाउनमध्ये ही पोरं घरी बसली, मग कुणी रिक्षा घेतली, कुणी डिलिव्हरीला लागलं, कुणी कायमचं गावी गेलं. त्यांना नावानिशी परत बोलवा, ट्रेनिंगच्या आठवड्याचा पगार द्या, आणि राइड थांबवायचा हक्क त्यांना लेखी द्या, गर्दी कितीही बोंबलली तरी. आणि बायपासची वही ठेवा. कुठला सेन्सर, किती वाजता, कुणी, कुणाच्या सांगण्यावरून बायपास केला. आमच्याकडे त्या हातमोज्याच्या प्रकरणानंतर ही वही सुरू झाली आणि बायपास जवळजवळ बंदच झाले, कारण स्वतःच्या सहीने जंपर मारायला कुणी तयार होत नाही.

आणि प्रत्येक राइडच्या तोंडाशी, उंची मोजायची पट्टी असते ना तिथेच, एक पाटी लावा. शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली. लिफ्टमध्ये असते तशी. मराठीत लावा म्हणजे आजीलाही वाचता येईल.

जपानमध्ये गेल्या वर्षी पार्क उघडली तेव्हा नियम काय काढला माहितीये? ओरडायचं नाही, ओरडल्याने थुंकी उडते. फुजी-क्यू हायलँड नावाच्या पार्कने व्हिडिओ काढला, दोन साहेब सुटाबुटात, मास्क लावून रोलरकोस्टरमध्ये बसलेत, चेहरा मख्ख, आणि शेवटी पाटी, मनातल्या मनात ओरडा. जगभर हसले लोक. मीही हसलो, पण मला त्या व्हिडिओत दुसरंच दिसलं, की ज्यांनी पार्क उघडलं ते साहेब स्वतः पहिल्या सीटवर बसले होते. आपल्याकडे उद्घाटनाला फीत कापायला येणाऱ्यांनी एवढं केलं तरी माझा अर्धा लेख वाया जाईल आणि मला आनंदच होईल.

मोठ्या पार्कांचं एवढं सगळं बोललो, पण माझ्या डोळ्यांसमोर खरं तर दुसराच पाळणा आहे. आमचं गाव साताऱ्याकडे. चैत्रात जत्रा असते, आकाशपाळणा, टोराटोरा, मौत का कुवा, सगळं येतं. मार्च २०२० मध्ये पाळणेवाला दोन ट्रक माल घेऊन आठ दिवस आधीच येऊन पडला होता आणि लॉकडाउन लागलं. जत्रा रद्द, रस्ते बंद, तो तिथेच अडकला, बायकापोरांसकट, गावाने धान्य दिलं म्हणून निभावलं. पुढच्या चैत्रात परत रद्द. थिएटरवाले, नाटकवाले मंत्रालयात जाऊन भेटून आले, त्यांचं म्हणणं निदान पेपरात आलं. पाळणेवाल्यांना कोण विचारतो, त्यांचा धंदा कुठल्या खात्याखाली येतो हेच त्यांना माहीत नाही.

या गणपतीत गावी गेलो तेव्हा शाळेमागच्या पडीक जागेत त्याचा पाळणा बघितला. ताडपत्रीखाली पाळण्याचे आरे एकावर एक रचून ठेवलेले, मधे लाकडाच्या फळ्या, लोखंड लोखंडाला लागू दिलेलं नाही. मधली मोठी बेअरिंग ग्रीसमध्ये बुडवून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली आणि वरून प्लास्टिक. नटबोल्ट रॉकेलच्या डब्यात, मापाप्रमाणे तीन डबे. मी नुसता बघत राहिलो. आमच्या कंपनीत एवढ्या निगुतीने काही ठेवलेलं नव्हतं, आमच्याकडे तर आयएसओचं सर्टिफिकेट आहे.

"फिरता हाय तवर काय न्हाय हो दादा," तो म्हणाला. "हुबा ऱ्हायला की मंग बघाय लागतंय."

मी विचारलं, परत उभा करशील तेव्हा पहिल्यांदा कुणाला बसवणार? म्हणाला कुणालाच नाही, दोन दिवस पोती घालून फिरवणार, एकेक पाळणा सोडून, कधी या बाजूला जड, कधी त्या बाजूला. बापाने शिकवलंय. वेल्डिंगच्या चिरा कशा बघतोस विचारलं तर म्हणाला, खडूची पूड लावून, तेल झिरपलं की रेघ दिसते. ज्या टेस्टला आम्ही बाहेरून एजन्सी बोलावतो तिची गावठी आवृत्ती. पण त्यालाही मर्यादा आहेत, जुनं लोखंड आतून थकलंय की नाही ते खडूने कळत नाही, आणि सगळेच पाळणेवाले असे नसतात, दोन वर्षं कमाई नाही तर नवीन बोल्ट आणायला पैसे कुठून येणार, गंजलेलाच चालवणार. तालुक्यातालुक्याला आयटीआय आहेत, जिल्ह्याला इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, त्यांच्याकडे टेस्टिंगची किट कपाटात पडून आहेत. जत्रांना परवानगी देताना या लोकांना मैदानावर पाठवा, फुकट तपासून द्या, पोरांचं प्रॅक्टिकलही होईल. सरकारला याचा खर्च किती येणार, एका उद्घाटनाच्या मांडवाएवढा?

नाहीतर होणार हे की मोठ्या पार्कवर चार कॅमेरे जातील, ती कशीतरी नीट चालतील, आणि गावोगावी जे पाळणे उभे राहतील त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही, अपघात होईपर्यंत.

भाचीला काय सांगायचं ते अजून ठरत नव्हतं. काल परत फोन आला. आईने तिला लिंबू कलरचा फ्रॉक घेतलाय, तो तिथेच घालणार आहे म्हणे.

"मामा, पहिल्याच दिवशी जायचं ना?"

"आठव्या," म्हटलं.

"का?"

"तोपर्यंत ते पोती बसवून फिरवतात."

थोडा वेळ शांत. मग म्हणाली, "खरंच फिरवतात?"

बघू, म्हटलं मी. गेटवर गेलो की विचारू.